सेक्टर १० आधी की सेक्टर २?

प्रश्न : मी भिलाईला राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर इथल्या एका मराठी मंडळाची सभासद-यादी सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. यादी चार वेगवेगळ्या एक्सेल फायलींत आहे आणि चौघांनी ती चार पद्धतींनी भरली आहे. नातीने मला थोडं पायथन शिकवलं, म्हणून मी उत्साहाने सगळं एकत्र करून क्रम लावायला बसले. पण सेक्टर १० हा सेक्टर २ च्या आधी येतो, ‘काळे’ हे ‘कावळे’ यांच्या आधी येतात आणि वकील सभासद ‘ह’च्याही नंतर, अगदी तळाला जातात. शिवाय दर वर्षाची वर्गणी वेगळ्या रकान्यात आहे, तिची एकूण बेरीज घराघराप्रमाणे हवी आहे. हे नीट आणि झटपट कसं करावं?
— एक वाचक, भिलाई

उत्तर : तुमच्या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. ‘सेक्टर १०’ वाचताना तुम्हाला दहा ही संख्या दिसते. पायथनला तिथे फक्त एकामागून एक अक्षरं दिसतात. तो दोन नोंदी डावीकडून एकेक अक्षर ताडून पाहतो. ‘सेक्टर’पर्यंत सगळं सारखं, पुढे एकीकडे १ आणि दुसरीकडे २. एक लहान, म्हणून सेक्टर १० आधी. पुढच्या शून्यापर्यंत जायची त्याला गरजच पडत नाही. म्हणून या कामात क्रम लावण्याची पायरी शेवटची असते. त्याआधी प्रत्येक रकान्यात नेमकं काय आहे, संख्या, तारीख, मराठी नाव की नुसता मजकूर, हे पायथनला सांगावं लागतं. रूपांतर आधी आणि क्रम नंतर, एवढं पाळलंत तर निम्म्याहून अधिक त्रास संपेल.

वेगाची काळजी मात्र सोडा. काही शे किंवा काही हजार नावांची यादी पायथन डोळ्याची पापणी लवायच्या आत लावतो. त्याची क्रम लावण्याची रीत टिम पीटर्स यांनी २००२ साली लिहिली, म्हणून तिला टिमसॉर्ट म्हणतात. यादीतले जे तुकडे आधीच क्रमाने लागलेले असतात ते ती ओळखते आणि मोडून पुन्हा लावत बसण्याऐवजी एकमेकांत मिसळून घेते. तुमच्यासारख्या याद्यांत असे तुकडे नेहमीच असतात, कारण कोणीतरी आधी कधीतरी त्या सेक्टरवार किंवा आडनावानुसार भरलेल्या असतात. पुढे जावानेही हीच रीत उचलली. माणसांनी तयार केलेल्या नोंदी कशा असतात याचा इतका विचार करून लिहिलेली रीत क्वचितच सापडते, आणि मला तिचं फार कौतुक वाटतं.

(एक सूचना : या उत्तरात पायथनचे शब्द देवनागरीत छापले आहेत. संगणकावर ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे. पण तुम्ही स्वतः ज्यांना नाव देता, म्हणजे यादी, आडनाव, सडक, त्यांची नावं पायथन ३ मध्ये देवनागरीतही ठेवता येतात. वापरून पाहा, आपलाच प्रोग्राम वाचायला किती सोपा होतो ते कळेल.)

आता पत्ता. भिलाईचा पत्ता ‘क्वार्टर १२-बी, सडक ७, सेक्टर १०’ अशा घाटाचा असतो. टाउनशिप आखीव असल्यामुळे या पत्त्यात क्रम जवळजवळ तयारच आहे, फक्त तो उलट्या बाजूने लिहिलेला आहे. सेक्टर सगळ्यात मोठा, त्यात सडक, सडकेवर क्वार्टर आणि क्वार्टरच्या आकड्यापुढचं अक्षर शेवटी. म्हणून एकच लांब रकाना फोडून चार करा, त्यातले पहिले तीन ‘इंट’ने संख्येत बदला आणि चौथा अक्षर म्हणून ठेवा. इथे एक सोय आहे, जी पुष्कळांना ठाऊक नसते. पायथनचा ‘इंट’ देवनागरी आकडेही वाचतो. ‘१२’ देवनागरीत लिहा की इंग्रजी आकड्यांत, उत्तर बाराच येतं. चौघांपैकी एकाने मराठी आकडे वापरले असतील तर ते बदलत बसू नका.

मग ‘सॉर्टेड’ला ‘की’ हा पर्याय द्यायचा. ‘की’ म्हणजे एक छोटं सूत्र. ते एक ओळ घेतं आणि तिच्याबदल्यात तुलनेसाठी काय वापरायचं ते सांगतं. तुमच्या बाबतीत ते चार गोष्टींची जोडमाळ देईल : सेक्टर, सडक, क्वार्टर, अक्षर. पायथन आधी सेक्टर ताडतो, तो सारखा निघाला तरच सडकेकडे वळतो, तीही सारखी असेल तर क्वार्टरकडे. हे सूत्र प्रत्येक ओळीसाठी एकदाच चालतं. दोन ओळी घेऊन त्यांची तुलना करणारं सूत्र लिहायची जुनी पद्धत याहून कितीतरी महाग पडायची, कारण ती प्रत्येक तुलनेला नव्याने चालायची. हजार ओळींच्या विस्कळीत यादीत तुलना सुमारे नऊ हजार होतात. म्हणून पत्ता फोडण्याचं जड काम ‘की’मध्ये करणं परवडतं.

ज्या वस्त्यांना आकडा नाही त्यांचं काय? हॉस्पिटल सेक्टर, रिसाली, मरोदा, रुआबांधा, टाउनशिपबाहेरचं नेहरूनगर, सुपेला, वैशालीनगर. यांना अकारविल्हे लावायची काहीच गरज नाही. एक छोटा कोश करा : वस्तीचं नाव आणि तिच्यासमोर तुम्ही दिलेला क्रमांक. गणपतीची वर्गणी गोळा करणारे कार्यकर्ते ज्या वाटेने फिरतात तोच क्रम द्या. मग छापलेली यादी त्यांच्या हातात पडेल तेव्हा एकही पान मागेपुढे करावं लागणार नाही. संगणकाने दिलेला क्रम अधिक खरा असतो असं नाही. यादी ज्याला वापरायची आहे त्याच्या पायांना सोयीचा क्रम तोच बरोबर.

पत्त्याची आणखी एक गाठ जुन्या नोंदींत सापडेल. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झालं. त्याआधी लिहिलेल्या पत्त्यांत ‘भिलाई, म. प्र.’ असेल, नंतरच्यांत ‘भिलाईनगर, छ. ग.’, आणि घर तेच. राज्याचा रकाना तुलनेतून वगळा किंवा सगळीकडे एकच रूप करा, नाहीतर एकच कुटुंब दोनदा मोजलं जाईल.

आता नावांकडे येऊ. तुमच्या प्रश्नातला हाच भाग सगळ्यात कठीण आहे आणि मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

संगणकात प्रत्येक अक्षराला युनिकोडने एक क्रमांक दिलेला आहे आणि पायथन त्या क्रमांकांची तुलना करतो. ‘ल’चा क्रमांक २३५४, ‘ळ’चा २३५५, ‘व’चा २३५७, ‘ह’चा २३६१. म्हणजे युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच मागे बसला आहे. आपल्या वर्णमालेत त्याची जागा ‘ह’नंतर आहे. म्हणून तुमची यादी काळे, कावळे, कासार अशी लागते, आणि शाळेत शिकलेल्या क्रमाने ती कावळे, कासार, काळे अशी हवी. गोळे, गोवारीकर, गोसावी यांचंही तसंच होतं.

यावरचा नीट उपाय म्हणजे पायआयसीयू हे ग्रंथालय. युनिकोडच्या संस्थेने प्रत्येक भाषेसाठी क्रमाचे वेगळे नियम नोंदवले आहेत. मराठीच्या नियमांत ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ हे ‘ह’च्या मागे येतात. पायआयसीयूला मराठी-भारत असं सांगितलं की तो प्रत्येक नावासाठी क्रमाची गुरुकिल्ली बनवून देतो आणि ती ‘की’मध्ये वापरायची. मात्र विंडोजवर ते बसवणं जरा किचकट जातं. नातीला हाताशी घ्या.

ते जमलं नाही तर एक युक्ती सांगतो. अवग्रहाचं चिन्ह ‘ऽ’ आहे ना, त्याचा क्रमांक २३६५. म्हणजे ते ‘ह’नंतर आणि ‘ा’ या काना-चिन्हाच्या (२३६६) नेमकं आधी आहे. आडनावांत अवग्रह येत नाही. तेव्हा तुलनेपुरतं, फक्त ‘की’च्या आत, प्रत्येक ‘ळ’च्या जागी ‘ऽ’ घाला. यादीतलं नाव जसंच्या तसं राहील आणि क्रम मात्र मराठी होईल. ‘कळसे’ हे ‘काळे’च्या आधीच राहतील आणि ‘काळे’ हे ‘कासार’च्या मागे जातील. ‘ळ’ला तक्त्याच्या अगदी शेवटचं एखादं चिन्ह देण्याचा मोह होतो, पण तसं केलं तर ‘कळसे’ सगळ्या ‘का’, ‘कि’, ‘कु’च्याही मागे फेकले जातात. काना-मात्रांच्या आत बसणारी जागाच हवी, आणि ती अवग्रहाची आहे. ‘क्षीरसागर’ मात्र या युक्तीने ‘क’च्या शेवटीच राहतील, कारण संगणकाच्या लेखी ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष. ते ‘ह’नंतर हवे असतील तर पायआयसीयूच घ्या.

वकील मंडळी तळाला का गेली? ‘ॲड.’मधलं ‘ॲ’ हे युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आलं आणि त्याला क्रमांक मिळाला २४१८, सगळ्या व्यंजनांच्या पलीकडचा. कोणी तेच अक्षर ‘अ’वर चंद्र देऊन दोन चिन्हांत टाइप केलं असेल तर ते ‘अ’मध्ये पडतं. म्हणजे तुमचे काही वकील वर असतील आणि काही खाली, आणि पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतील. तिथे क्रमाची युक्ती शोधू नका. ॲड., डॉ., श्री., सौ., कै. ही सगळी उपपदं नावापासून तोडून वेगळ्या रकान्यात टाका. कै. असलेल्या सभासदांच्या ओळी काढून मात्र टाकू नका. मंडळाचा इतिहास लिहायला कोणी बसेल तेव्हा त्याला त्याच ओळी लागतील.

सारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या असलेल्या अक्षरांचं आणखी एक उदाहरण म्हणजे ‘कुऱ्हाडे’ किंवा ‘गोऱ्हे’ यांतला र. काही कळफलक तिथे ‘ऱ’ हे वेगळं अक्षर टाकतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पायथनला हे दोन वेगळे सभासद वाटतात. ‘युनिकोडडेटा’मधलं ‘नॉर्मलाइझ’ चालवणं चांगलं, पण ही गाठ आणि ‘ॲ’ची गाठ त्याने सुटत नाही. त्यासाठी ‘रिप्लेस’च्या दोन ओळी स्वतः लिहाव्या लागतील. त्याच वेळी ‘स्ट्रिप’ने मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागाही छाटून घ्या.

भिलाईसारख्या ठिकाणी याच्याही पुढची एक गोष्ट असते आणि ती महाराष्ट्रातल्या याद्यांत सहसा भेटत नाही. इथे कामकाजाची लिपी देवनागरीच, पण भाषा हिंदी. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर किंवा क्वार्टरच्या कागदावर ‘काळे’ यांचे ‘काले’ झालेले असतात, ‘कुळकर्णी’ यांचे ‘कुलकर्णी’, ‘शिंदे’ यांचे ‘शिन्दे’ आणि ‘देशपांडे’ यांचे ‘देशपाण्डे’. अनुस्वाराचा भाग यंत्रावर सोपवता येतो. त, थ, द, ध यांच्या आधीचा अर्धा न, ट, ठ, ड, ढ यांच्या आधीचा अर्धा ण आणि प, फ, ब, भ यांच्या आधीचा अर्धा म यांच्या जागी तुलनेपुरता अनुस्वार घाला. ‘अण्णा’ किंवा ‘जन्म’ यांना त्याचा धक्का लागत नाही, कारण तिथे पुढे येणारं अक्षर या अक्षरांपैकी नाही. ‘ल’ आणि ‘ळ’ मात्र कधीही आपोआप एक करू नका. माळी आणि माली, काळे आणि काले ही दोन वेगळी कुटुंबंही असू शकतात, एक वर्ध्याचं आणि दुसरं कुठल्या दुसऱ्या प्रांतातलं. ‘ळ’चा ‘ल’ करून जुळणाऱ्या जोड्यांची एक वेगळी यादी काढा, पायथनबरोबरच येणाऱ्या ‘डिफलिब’ने आणखी जवळची नावं शोधा आणि मग फोन करून विचारा. कोणाचं आडनाव कसं लिहायचं हे ठरवायचा हक्क त्या घराचा आहे. मूळ रकान्याला हात लावू नका, तुलनेचा रकाना वेगळा ठेवा.

तारखा आणि फोन यांचं थोडक्यात. ०५-०४-१९९८ ही पाच एप्रिल आहे हे स्पष्ट सांगा. पांडाज (तक्ते हाताळणारं पायथनचं ग्रंथालय) वापरत असाल तर ‘डेफर्स्ट’ चालू करा, नाहीतर तो आधी महिना धरतो. त्याहून उत्तम म्हणजे दिवस-महिना-वर्ष हा नमुना पूर्ण लिहून देणं, म्हणजे न जुळणारी तारीख चुकून बदलली न जाता लगेच अडेल. फोन नंबर ही संख्या नव्हे, तो मजकूर आहे. पांडाजने तो संख्या म्हणून वाचला आणि रकान्यात एखादी जागा रिकामी असली तर सगळ्या नंबरांच्या मागे ‘.०’ चिकटतं. सुरुवातीचा शून्य तर गेलाच. म्हणून फाइल वाचतानाच सगळे रकाने मजकूर म्हणून वाचायला सांगा आणि ज्यांना संख्या करायचं आहे त्यांना तुम्ही स्वतः करा. ‘१,२५,०००’ अशा रकमांतले स्वल्पविराम आधी काढावे लागतात. रिकामी जागा असलेल्या ओळी साध्या ‘सॉर्टेड’मध्ये अडतात, कारण ‘काहीच नाही’ आणि आठ यांत लहान कोण हे पायथन ३ ठरवायला नकार देतो. तो योग्यच आहे. ‘की’मध्ये सगळ्यात पुढे ‘जागा रिकामी आहे का’ हे उत्तर ठेवा, म्हणजे त्या ओळी शेवटी जमतील.

वर्गणीचा तक्ता. तुमच्याकडे प्रत्येक सभासदाची एक ओळ आणि वर्षागणिक एक रकाना आहे. छापायला हे रूप चांगलं, हिशेबाला वाईट, कारण दर वर्षी तक्ता रुंद होत जातो. पांडाजमधल्या ‘मेल्ट’ने तो उभा करा : सभासद, वर्ष, रक्कम, एवढेच तीन रकाने. मग ‘ग्रुपबाय’ने घरवार बेरीज एका ओळीत मिळते आणि नवीन वर्ष आलं की फक्त खाली ओळी वाढतात. सभेसाठी पुन्हा आडवा तक्ता हवा असेल तेव्हा ‘पिव्हट टेबल’ वापरा, पण इथे मी तुम्हाला हात धरून थांबवतो. एका घराने एकाच वर्षी दोनदा वर्गणी दिली असेल, एकदा ५०० आणि एकदा १,०००, तर ‘पिव्हट टेबल’ न विचारता सरासरी काढतो आणि ७५० दाखवतो. त्याला ‘सम’ हवी असं सांगा, म्हणजे १,५०० येतील. लोकांच्या पैशाचा हिशेब आहे. हा पर्याय लिहायचा कधीही राहता कामा नये.

पांडाज नको असेल तर साध्या पायथनमध्ये ओळींचे रकाने आणि रकान्यांच्या ओळी ‘झिप’ने होतात. मात्र एखादी ओळ आखूड असली तर ‘झिप’ बाकीच्या ओळींचाही तेवढा भाग गुपचूप टाकून देतो. पायथन ३.१० पासून त्याला ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय मिळाला आहे. तो लावला की लांबी न जुळल्यास तो चूक दाखवून थांबतो. नेहमीच लावा.

शेवटी फाइल परत देताना : सीएसव्ही साध्या यूटीएफ-८ मध्ये जपून ठेवली आणि एक्सेलमध्ये थेट उघडली तर मराठीचा बहुधा चिखल झालेला दिसतो. ‘यूटीएफ-८-सिग’ हे नाव द्या. त्याने फाइलच्या सुरुवातीला एक छोटी खूण पडते आणि एक्सेल ती पाहून लिपी ओळखतं. जेसन करणार असाल तर ‘एन्शुअर आस्की’ बंद करा, म्हणजे नावं वाचता येतील अशी राहतील.

प्रश्न : कॉम्प्युटर घरोघर नव्हते तेव्हा एवढ्या मोठ्या याद्या कशा लावत असत? भिलाईच्या कारखान्यात हजारो कामगार होते, त्यांच्या पगाराची यादी कशी लागत असेल?
— त्याच वाचक

उत्तर : अमुक वर्षी अमुक खात्यात काय होतं यात न शिरता, त्या काळात जगभर मोठ्या याद्यांसाठी रूढ असलेली रीत सांगतो, कारण ती पायथनमध्ये आजही जिवंत आहे. हर्मन हॉलरिथ यांनी अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी छिद्रांची कार्डं आणि ती मोजणारी यंत्रं वापरली. पुढे आयबीएमने ८० रकान्यांचं कार्ड रूढ केलं. प्रत्येक माणसाचं एक कार्ड, प्रत्येक रकान्यात एक छिद्र म्हणजे एक आकडा. क्रम लावणारं यंत्र एका वेळी एकच रकाना पाहायचं आणि छिद्राप्रमाणे कार्ड त्या त्या कप्प्यात टाकायचं. आयबीएमचं ०८२ क्रमांकाचं यंत्र मिनिटाला ६५० कार्डं लावत असे.

गंमत अशी की चार आकडी क्रमांकाने कार्डं लावायची तर सुरुवात एककाच्या रकान्यापासून करायची. मग दशक, शतक आणि सगळ्यात शेवटी हजार. उलटं वाटतं, पण बरोबर तेच आहे, कारण प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीचा क्रम कप्प्याच्या आत तसाच टिकतो. पायथनची क्रमवारीही हा गुण पाळते : तुलनेत सारख्या ठरलेल्या ओळी आपापसातला मूळ क्रम सोडत नाहीत. म्हणून तुम्ही आधी आडनावाने यादी लावली आणि नंतर तीच सेक्टरने लावली तर प्रत्येक सेक्टरमध्ये आडनावं क्रमाने मिळतात. एका रकान्याचा क्रम चढता आणि दुसऱ्याचा उतरता हवा असेल, म्हणजे सेक्टर चढते आणि वर्गणीची तारीख नवी आधी, तेव्हा ही दोन फेऱ्यांची रीत सगळ्यात सोपी पडते. कमी महत्त्वाचा रकाना आधी, जास्त महत्त्वाचा नंतर.

भिलाईशी याचा एक धागा जुळतो. कारखान्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ ला सुरू झाली. जड उद्योगांवर भर देणारी दुसरी पंचवार्षिक योजना ज्यांच्या आकडेमोडीवर उभी होती ते प्रशांतचंद्र महालनोबिस, आणि भारतातला पहिला डिजिटल संगणक १९५६ साली आला तो त्यांच्याच कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. पुढे तिथे ऊरल नावाचा दुसरा संगणक आला, तो सोव्हिएत बनावटीचा. भिलाईचं पोलाद आणि डिजिटल संगणक या देशात जवळजवळ हातात हात घालून आले आहेत.

प्रश्न : मी दुर्गला अभियांत्रिकी शिकतो. सरावासाठी मिळालेल्या तापमानाच्या नोंदींची सीएसव्ही फाइल ४० लाख ओळींची आहे. वेळेनुसार लावताना लॅपटॉप अडकतो. पांडाज सोडून दुसरं काही वापरावं का?
— एक विद्यार्थी, दुर्ग

उत्तर : लगेच नको. आधी पाहा की सगळे रकाने लागतात का. ‘यूजकॉल्स’ने हवे तेवढेच वाचा. पाळी किंवा यंत्राचं नाव अशा रकान्यांत तीच ती चार-दहा नावं लाखो वेळा येतात. त्यांना ‘कॅटेगरी’ हा प्रकार द्या. मग प्रत्येक ओळीत पूर्ण नावाऐवजी लहानसा क्रमांक साठवला जातो, स्मृती खूप वाचते आणि त्या रकान्याने क्रम लावणंही वेगाने होतं, तोही तुम्ही सांगितलेल्या क्रमाने. वेळेचा रकाना एकदाच तारीख-वेळेच्या प्रकारात बदला, आणि नमुना लिहून द्या. नमुना दिला नाही तर पांडाजला तो ताडावा लागतो.

दुसरं, सगळं लावायची खरंच गरज आहे का? सगळ्यात जास्त तापमानाच्या वीस नोंदी हव्या असतील तर ‘एनलार्जेस्ट’ पुरे. तो सगळ्या ओळी क्रमाने न लावताच त्या वीस काढून देतो. तीन पाळ्यांच्या तीन फायली प्रत्येकी आधीच वेळेनुसार असतील तर ‘हीपक्यू’मधल्या ‘मर्ज’ने त्या एकमेकांत गुंफा. तो प्रत्येक फाइलमधून एका वेळी एक ओळ घेतो, म्हणून फाइल स्मृतीपेक्षा मोठी असली तरी चालतं. एकाच रकान्याने ‘सॉर्ट व्हॅल्यूज’ करताना समान वेळेच्या नोंदींचा मूळ क्रम टिकायला हवा असेल तर ‘काइंड’मध्ये ‘स्टेबल’ लिहा. पांडाजची ठरावीक रीत त्याची हमी देत नाही.

हे सगळं करूनही अडलं तर पोलार्स पाहा. तो प्रोसेसरचे सगळे गाभे कामाला लावतो. आणि सीएसव्ही एकदा वाचून झाली की पार्केमध्ये जपून ठेवा. त्यात रकाने वेगवेगळे साठवलेले असतात आणि प्रत्येकाचा प्रकार सोबत लिहिलेला असतो, म्हणून पुढच्या वेळी मजकूर पुन्हा संख्येत बदलावा लागत नाही. एक्सेलमध्ये उघडून पाहायचा प्रयत्न करू नका, त्याच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळींपलीकडे जागाच नाही.

पण या सगळ्याच्या आधी ‘पर्फ काउंटर’ने दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजा : फाइल वाचायला किती वेळ लागतो आणि क्रम लावायला किती. ४० लाख ओळींच्या सीएसव्हीत मजकुरातून संख्या आणि तारखा करणंच बहुधा जड असतं, आणि तसं निघालं तर क्रमवारीला हात लावायच्या आधी वाचन सुधारा.